जखमी क्रमांक एक

"नोकरी आणि नाटक एकत्र जमत नाही असं जे म्हणतात ना, त्यांना नियोजन येत नाही, बास!" असं दिग्विजय भाडळे गेली एकोणीस वर्षं सांगत आला आहे. कोणी विचारो न विचारो.

दिग्विजय मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्याहून वाघोली ओलांडून नगर रस्त्याने पुढे गेलं की गिअरबॉक्स बनवणारा एक कारखाना लागतो, तिथे तो मेंटेनन्स सांभाळतो. राहायला वाघोलीतच. त्याच्याकडे एक एक्सेल शीट आहे. तीत नोकरी निळ्या रंगात आणि नाटक लाल रंगात. लाल निळ्यावर चढलं की कारखान्यातल्या मॅडम बोलतात, निळं लालवर चढलं की दिग्दर्शक बोलतात. घरासाठी रंगच ठेवलेला नाही, हे त्याच्या बायकोच्या, नम्रताच्या, लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात लक्षात आलं होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली.

एवढ्या नियोजनातून रंगभूमीवर त्याने काय काय केलं? तर तीन वेळा पोस्टमन, दोन वेळा हवालदार, एकदा 'गावकरी दुसरा' आणि एकदा पडद्यामागून आवाज. शेवटच्या पोस्टमनला एक वाक्य होतं. त्या एका वाक्यासाठी तो दीड महिना वाघोलीहून कात्रजला तालमीला जात होता. वाघोली ते कात्रज, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, संध्याकाळी, दुचाकीवरून! पुण्यातल्या माणसाला यापुढे त्याच्या कलाप्रेमाचा आणखी पुरावा द्यायला नको.

पण या वर्षी नशीब उघडलं. हौशी नाट्यस्पर्धेसाठी खासनीस सरांनी नवं नाटक लिहिलं. आनंद खासनीस स्वतः लिहितात, स्वतः बसवतात आणि कोणाचंही कौतुक करत नाहीत. या नाटकात अण्णा नावाचा म्हातारा पडदा उघडल्यापासून खाटेवर डोळे मिटून पडलेला आहे. त्याच्याभोवती मुलं-सुना पाऊण तास वाद घालतात, की याला कोणी न्यायचं. आणि शेवटी अण्णा उठून बसतो आणि चार पानांचं स्वगत म्हणतो. चार पानं! अण्णा करणारा नट ऐनवेळी मुलाकडे कॅनडाला गेला आणि खासनीस सरांची नजर दिग्विजयवर पडली.

"तुला पडून राहता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल सर!"

"उठताही आलं पाहिजे." एवढं बोलून ते चहा प्यायला गेले. दिग्विजयला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

प्रयोग ठरला शुक्रवारी संध्याकाळी सातचा, स्वारगेटजवळच्या नाट्यगृहात. मेकअपला सहाला हजर. म्हणजे शुक्रवारी अर्धा दिवस रजा हवी. दिग्विजय बुधवारी प्लांट हेड प्रियदर्शनी मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, शुक्रवारी अर्धा दिवस हवा होता."

मॅडमनी मान वर केली नाही. "कोण गेलं?"

"कोणी नाही मॅडम. नाटक आहे. मोठं काम आहे माझं."

"शुक्रवारी मॉक ड्रिल आहे." मॅडम म्हणाल्या. "आधी न कळवता घ्यायचं आहे. माहीत फक्त मला, सूरजला, गेटवरच्या मुख्य रक्षकाला आणि आता तुम्हाला." सूरज वानखडे म्हणजे कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर, अकोल्याहून आलेला, अत्यंत मनापासून काम करणारा मुलगा. "ड्रिलला एक खोटा जखमी लागतो. मागच्या वर्षीचा जखमी स्ट्रेचरवर पडून मोबाइल बघत होता. निरीक्षकांनी तसं लेखी कळवलं. या वर्षी तुम्ही जखमी व्हा. अकराला ड्रिल, बाराला ऑल क्लिअरचा भोंगा, साडेबाराला तुम्ही मोकळे. नाहीतरी तुम्ही नट आहात ना?"

दिग्विजयला भरून आलं. एकोणीस वर्षांत कंपनीने त्याच्याकडे पहिल्यांदा अभिनय मागितला होता! निळं आणि लाल एकाच चौकोनात! तो केबिनमधून बाहेर पडला तो मनाने जखमी होऊनच.

सूरजने त्याला कागद दिला आणि सुतळी ओवलेली पुठ्ठ्याची एक पाटी दिली. "सर, जास्त काही कराचं नाही. कॉम्प्रेसर रूमजवळ बसून राहाचं. उजव्या हाताले थोडंसं भाजलं, एवढंच. अन् ही पाटी गळ्यात घालाची, म्हणजे लोकायले समजते."

पाटीवर लिहिलं होतं: 'मॉक ड्रिल. जखमी क्रमांक १. उजवा हात भाजला आहे.'

दिग्विजयने ती पाटी घरी नेऊन टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे तुच्छतेने पाहत बसला. गळ्यात पाटी! नाटकात कोणी 'मी दुःखी आहे' अशी पाटी घालून रडतं का? आणि हात भाजणं हा काय प्रसंग झाला? त्यात आरंभ नाही, चढ नाही, काही नाही. त्यापेक्षा शिडीवरून पडणं चांगलं. डोक्याला मार, अर्धवट शुद्ध, पायाची बारीक थरथर. थरथर त्याने गुरुवारी संध्याकाळी आरशासमोर बसवली. मग तो स्वयंपाकघरात जाऊन रक्ताच्या तयारीला लागला.

"अहो, गुलाबजामचा पाक कुठे निघाला?" नम्रताने विचारलं.

"रक्तासाठी."

"बरं," म्हणाली ती, आणि पोळ्या लाटू लागली. चौदा वर्षांत ती शिकली होती. काही उत्तरांवर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

पाकात लाल रंग आणि चिमूटभर कोको घातला की रंगमंचावर उत्तम रक्त होतं. शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना दिग्विजयने ते डोक्याला, कपाळाला आणि उजव्या कानामागे सढळ हाताने लावलं, पाटी दुमडून शर्टाच्या आत घातली, शिडी आडवी पाडली, आणि एका रिकाम्या पिंपाला लाथ घातली. धडाम! ध्वनिसंयोजन अप्रतिम झालं. तेवढ्यात सायरन वाजला आणि तो कॉम्प्रेसर रूमच्या दारात आडवा झाला.

सर्वांत आधी सूरज पळत आला, हातात वही आणि घड्याळ घेऊन.

"सर, झकास! पण हात... सर? हे रक्त कायचं?"

दिग्विजयने अस्फुट कण्हून पाय थरथरवला.

सूरजच्या हातातली वही पडली. गळ्यात पाटी नाही, बाजूला शिडी, डोक्यातून रक्त! त्याने वॉकीटॉकी तोंडाला लावला आणि किंचाळला, "अरे बाप्पा! ड्रिल बंद करा जी! हे ड्रिल नाही! भाडळे सर खरंच पडले!"

'वा!' दिग्विजय मनात म्हणाला. 'पोरगं उत्स्फूर्त आहे!'

मग धावपळ झाली. कोणीतरी पाणी आणलं, कोणीतरी कांदा आणला, दोघांनी चपला हुंगवायच्या की नाहीत यावर वाद घातला. एवढ्यात त्याचा हात कोणीतरी हातात घेतला. प्रियदर्शनी मॅडमचा आवाज! आणि तो चक्क कापत होता! "दिग्विजय! ऐकू येतंय का? डोळे उघडा! अहो, कोणी ॲम्ब्युलन्सला फोन केला का? उभे काय राहिलात?"

दिग्विजयला आश्चर्याने खरोखरच शुद्ध हरपायची वेळ आली. इतक्या गुणी बाईला आपण इतकी वर्षं फक्त ऑडिटपुरतं ओळखत होतो! आवाजातला तो कंप, तो मधला थांबा! त्याने मनोमन ठरवलं, आपणही कमी पडायचं नाही. आणि तो आणखी मोठ्याने कण्हला.

ॲम्ब्युलन्स आली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. हेसुद्धा त्याला ड्रिलचाच भाग वाटलं. एका डोळ्याची फट करून त्याने पाहिलं आणि खुश झाला. या वर्षी कंपनीने हात आखडता घेतलेला नाही. गाडी गेटबाहेर पडली तेव्हा त्याला वाटलं, फाटकाला वळसा घालून परत येईल. मग वाघोलीच्या चौकातले हॉर्न ऐकू आले. म्हणजे गाडी आपल्या घराजवळ आली! बारा वाजून गेले असावेत. ऑल क्लिअरचा भोंगा इथवर कसा ऐकू येणार? त्याला थोडीशी काळजी वाटली. पण प्रसंग अर्ध्यावर सोडायचा नाही हे खासनीस सरांनी शिकवलेलं. तो पडून राहिला.

इस्पितळात पोचल्यावर त्याला पांढऱ्या दिव्याखाली ठेवलं, आणि एका नर्सने कात्री घेऊन त्याचा शर्ट खालून वर कापायला सुरुवात केली.

"अहो थांबा!" दिग्विजय ताडकन उठून बसला. "नवा शर्ट आहे! बायकोने वाढदिवसाला घेतलाय!"

"काका, पडून राहा." समोर डॉक्टर वैष्णवी उभ्या होत्या. वय सव्वीस-सत्तावीस, डोळ्यांत दोन दिवसांची झोप. बेचाळिसाव्या वर्षी 'काका' ऐकून दिग्विजयला पहिली खरी जखम झाली.

"डॉक्टर, मला काही झालेलं नाही. मी अभिनय करत होतो."

"हो का? नाव सांगा."

"दिग्विजय भाडळे."

"काय करता?"

"इंजिनिअर आहे. म्हणजे पोटासाठी. खरा मी नट आहे."

डॉक्टर नर्सला म्हणाल्या, "लिहा. स्वतःच्या व्यवसायाबद्दल गोंधळ."

"गोंधळ नाही हो! दोन्ही आहे!"

"आज वार कोणता?"

"शुक्रवार. आणि सात वाजता मला स्वारगेटला खाटेवर पडायचंय."

नर्सने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "खाट इथेही आहे काका. बरं, पडलात कसे?"

"पडलोच नाही. पिंपाला लाथ मारली. मी जखमी नव्हतो, जखमी क्रमांक एक होतो."

"दोन नंबर कोण?"

"दोन नंबर नाहीच."

हेही लिहिलं गेलं. मग नर्सने ओल्या बोळ्याने डोकं पुसून काढलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "मॅडम, जखमच नाही."

"तेच तर सांगतोय! रक्तही खोटं आहे!" दिग्विजय ओरडला.

"जखम नाही, आणि रक्त एवढं." डॉक्टर वैष्णवी वाकल्या. "कानापाशी जास्त आहे. कानातून आलंय का? सीटी स्कॅन! ताबडतोब!"

आता काय करावं? जखम असती तर पट्टी बांधून सोडलं असतं. जखम नव्हती म्हणून माणूस अत्यवस्थ ठरला! स्कॅनच्या बोगद्यात जाताना दिग्विजयला पाटी आठवली. पुरावा! आतच तर होती!

"शर्ट! माझ्या शर्टात पाटी आहे! त्यावर सगळं लिहिलंय!"

शर्ट ॲम्ब्युलन्समागोमाग आलेला सूरज घेऊन गेला होता. अपघाताच्या चौकशीत जखमीचे कपडे जपून ठेवायचे असा नियम आहे, आणि सूरज नियमाचा पक्का. त्याने शर्ट न उलगडता पिशवीत घालून, तोंड बंद करून, वर सही करून कारखान्यात नेला होता. दिग्विजयचा मोबाइल कारखान्यातल्या लॉकरमध्ये. खासनीस सरांचा नंबर मात्र तोंडपाठ. त्याने नर्सच्या हातापाया पडून तिला फोन लावायला लावला.

"सर, इस्पितळातून बोलतेय. दिग्विजय भाडळे इथे ॲडमिट आहेत. त्यांना आज नाटकाला येता येईल असं वाटत नाही."

पलीकडून खासनीस सर शांतपणे म्हणाले, "त्याला सांगा, या वेळी अण्णांचं काम आहे, पोस्टमनचं नाही. सहाला मेकअप." आणि फोन बंद झाला.

अडीच वाजले. स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही. दिग्विजय म्हणाला, "डोक्यात काही नाही, सोडा मला!" डॉक्टर म्हणाल्या, "चोवीस तास नजरेखाली ठेवावं लागेल." चोवीस तास! एकोणीस वर्षं वाट पाहून मिळालेला अण्णा डोळ्यांदेखत चालला होता. या लोकांना कसं पटवायचं की आपण नट आहोत? आणि मग त्याला सुचलं. नट असल्याचा पुरावा अभिनयानेच द्यायचा!

तो खाटेवर उठून बसला आणि त्याने अण्णांचं स्वगत सुरू केलं.

"सोडा मला! ही माझी खाट नाही, ही माझी माणसं नाहीत! चाळीस वर्षं मी या घराला खांदा दिला, आणि आज तुम्ही माझे हात धरता? कोण आहात तुम्ही? पांढऱ्या कपड्यातली भुतं! मला जायचंय, माझी वाट बघतायत!"

दोन वॉर्डबॉय धावत आले आणि त्यांनी त्याचे हात धरले. स्वगताला ते इतकं चपखल बसलं की दिग्विजयचा आवाज आणखी चढला. शेजारच्या खाटेवर मथुराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, मांजरी गावच्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पोरं बघत नसत्याल वं बिचाऱ्याला. किती आतनं बोलतोया बघा." दिग्विजयने त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या अभिनयावर कोणीतरी रडलं होतं! तो दुप्पट जोमाने दुसऱ्या पानावर गेला. दुसरं संपलं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्याच्या दंडात सुई टोचली.

"झोप लागेल त्यांना," डॉक्टर वैष्णवी हळुवारपणे म्हणाल्या.

नम्रता आली तेव्हा चार वाजायला आले होते. येरवड्याच्या शाळेत ती गणित शिकवते. तिचा नंबर शोधून कारखान्यातून फोन आला तोच तीननंतर, तशी वर्ग सोडून स्कूटर काढून निघाली होती. खाटेशी येऊन तिने पाहिलं, तर हिरव्या गाऊनमधला दिग्विजय जडावलेल्या डोळ्यांनी पुटपुटत होता, "नम्रता... सहा... मेकअप..."

डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. कानातून रक्त, व्यवसायाचा गोंधळ, भ्रमात केलेली बडबड. नम्रताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "विम्याबद्दल काही बोलले?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही. का?"

नम्रता खुर्चीवर बसली आणि तिने मोठा श्वास सोडला. "मग यांना काही झालेलं नाही. डॉक्टर, यांना नुसती सर्दी झाली तरी मला उशाशी बसवून विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते सांगतात. ताप आला की लॉकरची किल्ली दाखवतात. आज रक्त वाहून गप्प? शक्य नाही."

"मॅडम, वैद्यकीय दृष्ट्या असं..."

"आणि हे बघा." नम्रताने उशीकडे बोट दाखवलं. भिंतीवरून उतरलेली काळ्या मुंग्यांची एक सरळ रांग खाटेच्या दांड्यावरून दिग्विजयच्या कानामागे चालली होती. "डॉक्टर, रक्ताला मुंग्या लागतात?"

डॉक्टर वैष्णवींनी त्याच्या कानामागून बोट फिरवलं, नाकाशी धरलं आणि त्यांना वेलदोड्याचा वास आला.

"गुलाबजाम," नम्रता म्हणाली. "मंगळवारचे."

घरच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर नम्रताने सही केली. "गाडी चालवू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "रात्रीपर्यंत गुंगी राहील. घरी नेऊन झोपवा." घर एका दिशेला होतं, स्वारगेट दुसऱ्या. नम्रताने स्कूटरला किल्ली लावली, दिग्विजयला मागे बसवलं, ओढणीने त्याला स्वतःच्या कमरेशी घट्ट बांधलं आणि स्कूटर शहराकडे वळवली.

"झोपू नका!" ती येरवड्याच्या चौकात ओरडली. "चौदा वर्षांत तुमचा एकही पोस्टमन मी बघितला नाही. एका वाक्यासाठी कोण येणार? पण आज चार पानं बघणार आहे मी! झोपू नका!"

"जागा आहे," दिग्विजय तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाला. त्याला फार बरं वाटत होतं. नम्रता येणार! सिग्नलला शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून डोकावून हिरवा गाऊन, ओढणी आणि मुंग्या बघत होते. एकाने विचारलंही, "ताई, कुठे नेताय?" नम्रता म्हणाली, "नाटकाला." त्या माणसाने घाईघाईने खिडकी बंद केली.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी पोचायला सहा वाजून दहा मिनिटं झाली. खासनीस सर दारातच होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग गाऊन पाहिला.

"सहा म्हणालो होतो. कपडे ठीक आहेत. जरा मळके हवे होते."

दिग्विजयला तीन कप कडक चहा पाजला. तोंडावर पाणी मारलं. अण्णांच्या मुलीचं काम करणारी पूर्वा त्याला विंगेत धरून चालवत होती आणि तो स्वगताचं पहिलं वाक्य घोकत होता. येत होतं! चारही पानं येत होती! सातला तिसरी घंटा झाली आणि तो खाटेवर जाऊन पडला. तालमीत इतके दिवस लाकडी बाक होता. आज प्रयोगासाठी खासनीस सरांनी घरून स्वतःची मऊ सावरीची गादी आणली होती.

"डोळे मिटायचे," सर विंगेतून म्हणाले, "पण आतून जागं राहायचं."

दिग्विजयने डोळे मिटले. पडदा सरकल्याचा आवाज त्याने ऐकला. तिसऱ्या रांगेत नम्रता बसली असेल, असं त्याच्या मनात आलं. एवढंच आलं.

टाळ्यांच्या कडकडाटाने तो दचकून जागा झाला. टाळ्या? म्हणजे आपली वेळ झाली! तो सरळ उठून बसला आणि छाती भरून त्याने सुरुवात केली. "सोडा मला! ही माझी खाट नाही, ही माझी माणसं नाहीत!"

"नाहीच आहोत," नेपथ्याच्या माणसांपैकी एक म्हणाला. "उतरा आता, गादी गुंडाळायचीय." समोर पडदा होता. बंद.

मधल्या पाऊण तासात काय झालं ते त्याला पूर्वाने दात-ओठ खात सांगितलं. ठरल्याप्रमाणे शेवटी ती म्हणाली, "अण्णा, आता तुम्हीच सांगा." अण्णा गप्प. तिने पुन्हा म्हटलं. गप्प. तिसऱ्यांदा खांदा हलवून म्हटलं, तर अण्णांनी एक संथ, समाधानी श्वास सोडला आणि कूस बदलली. पूर्वाला रडू कोसळलं, संतापाचं. काय करावं ते न सुचून तिने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, उशाशी लावलेला दिवा विझवला आणि ती जमिनीवर बसली. प्रकाशयोजनेवाला गोंधळला, त्याने सगळेच दिवे घालवले. पडदेवाल्याने दिवे गेले म्हणून पडदा ओढला. मग बराच वेळ प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि मग टाळ्या.

दिग्विजय गाऊनचे बंद धरून पायरीवर बसला. चार पानं! एकोणीस वर्षं! त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं आणि जांभई आली. नम्रता मागच्या दाराने आत आली ती त्याच्याशेजारी बसली. तिचे डोळे लाल होते.

"माझी चार पानं गेली गं," तो म्हणाला.

"मला हसू येईल असं वाटलं होतं," नम्रता म्हणाली. "पण तुम्ही तिथे असे काही झोपला होतात... मला वाटलं, हा माणूस किती दमलाय, आणि मी इतकी वर्षं नुसती चिडत राहिले." तिने ओढणीने त्याच्या कानामागची शेवटची मुंगी झटकली. तो तिच्या खांद्यावर पुन्हा झोपला.

चार दिवसांनी निकाल लागला. खासनीस सरांचं नाटक पहिलं! दिग्दर्शनाचा पहिला क्रमांक, आणि अभिनयाचं रौप्यपदक, दिग्विजय भाडळे! परीक्षकांनी लिहिलं होतं: 'अखेरीस वृद्धाच्या तोंडी एकही शब्द न घालण्याचे धैर्य विशेष उल्लेखनीय. निद्रेचा असा निखळ अभिनय दुर्मीळ.' ज्यांनी ती चार पानं रात्री जागून लिहिली होती त्या खासनीस सरांनी हे दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "हो. तो विचारपूर्वकच घेतलेला निर्णय होता." आणि त्यांनी संहितेतून स्वगत कायमचं कापून टाकलं.

"सर, पण आता अंतिम फेरीत मी जागा असेन!" दिग्विजय कळवळून म्हणाला.

"तेच टाळायचं आहे," खासनीस सर म्हणाले.

तरी पदक ते पदक. ते शर्टाच्या खिशात घालून दिग्विजय पुढच्या सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये गेला. अंतिम फेरी नाशिकला होती, आणि नेमकी ऑडिटच्या दिवशी. मॅडमच्या मागच्या भिंतीवर 'अपघाताविना दिवस' असा फलक होता. त्यावर दहा हा आकडा होता. ड्रिलच्या आधी तो आठशे शेहेचाळीस होता. सूरजने अपघात म्हणून केलेली नोंद काही केल्या खोडता येत नव्हती, आणि बिचारा रोज सकाळी तो आकडा बदलताना कोणाशी बोलत नसे.

"मॅडम, अंतिम फेरीसाठी एक दिवस रजा हवी होती. माझं मध्यवर्ती काम आहे. पदक मिळालंय मला."

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "संवाद किती आहेत?"

दिग्विजय घुटमळला. "आता... एकही नाही."

"हालचाली?"

"एकदा कूस बदलायची."

"बाकी वेळ?"

"झोपायचं."

मॅडमनी क्षणभर विचार केला. माणसं कुठून काढून कुठे लावायची, हे त्यांचं रोजचंच काम. "मग तुम्ही ऑडिटला थांबा," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्याकडे स्टोअरमधला ज्ञानदेव पाठवा. जेवणानंतर तो झोपतो तेव्हा शेजारून फोर्कलिफ्ट गेली तरी हलत नाही."

साधना, निरीक्षण, अंतर्मुखता, एकोणीस वर्षं. सगळे शब्द दिग्विजयच्या ओठांपर्यंत येऊन परत गेले. तो बाहेर आला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. उगाचच त्याचे पाय स्टोअरकडे वळले आणि त्याने दारातून आत डोकावून पाहिलं. ज्ञानदेव खोक्यांच्या पुठ्ठ्यावर आडवा झाला होता, एक हात डोळ्यांवर, श्वास एका लयीत. दिग्विजय पाच मिनिटं तसाच उभा राहून बघत होता.

माणूस अण्णा खरोखरच चांगला करत होता!